देवाची वाट आणि कमलाक्षीची विहीर

नाव : कमलाक्षी शिवदास शेटगावकर. लिंग : स्त्री. वय : अंदाजे एकसष्ट, पुराव्याअभावी. व्यवसाय : काही नाही. वास्तव्य : पेडणे तालुक्यातील किनारी गावाचा खालचा वाडा, घर भरतीरेषेच्या आत की बाहेर, हे प्रत्यक्ष मोजणीनंतर ठरेल. स्थावर : अंशतः चिरेबंदी व अंशतः मातीचे घर एक, विहीर एक, नळजोडणी उपलब्ध असल्याने वापरात नसलेली. किनारा संरक्षणाच्या कामातील सहभाग : निरंक. विशेष शेरा : सदर व्यक्ती उत्तरे देताना हाताने काहीतरी विणत होती.

हे वर्णन किनारपट्टीच्या पाहणीला आलेल्या एका कारकुनाने ओसरीवरच्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून लिहिलं. त्यात मुद्दाम खोटं असं काही नाही. दुपारच्या आत आणखी अकरा घरं उरकायची असलेला माणूस जितकं खरं लिहू शकतो, तितकं सगळं त्यात आलेलं आहे.

ती विणत होती तो झाप. माडाचं हिरवं चुडत, म्हणजे झावळी, मधोमध चिरायचं आणि त्याची पाती एक वर, एक खाली अशी गुंफत न्यायची. पावसाळ्याच्या तोंडावर असे झाप मातीच्या भिंतींना बाहेरून बांधतात, म्हणजे भिंत आषाढ-श्रावण उभी राहते. झाप वाड्यात सगळ्याच बायका विणत. पण कमलाक्षीचा झाप उन्हाकडे धरला तर पलीकडे सूर्य आहे की नाही, हे सांगता येत नसे. तिला बघायला आलेल्या सासूने म्हणे तिचं वय विचारलं नव्हतं की तिला रांधायला लावलं नव्हतं. अंगणात पडलेला एक झाप उलटा करून पाठ बघितली, आणि "मुलगी पसंत" म्हणून चहाही न घेता उठली. व्यवसाय काही नाही, तो असा.

आता विहीर. घराच्या मागे, समुद्राच्या अंगाला, कंबरेच्याही खाली येणारा कठडा असलेली ती विहीर हेच त्या घरातलं खरं माणूस होतं. समुद्र एवढा जवळ आणि पाणी शहाळ्यासारखं. पुढे वाळूची टेकडी आहे, तिच्या पोटात पावसाचं पाणी साठतं आणि ते गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला पलीकडे रेटून धरतं, म्हणून हे असं. शेजारच्या वाड्यातही अशी एक विहीर होती. एका पावसाळ्यात लाटा टेकडीवरून आत आल्या, विहिरीत उतरल्या आणि निघून गेल्या. ती भेट काही मिनिटांचीच. पण तेव्हापासून त्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही. चुलीवर दुपारपर्यंत टणटणत राहते. वाड्यात नळ आहे. त्याला पाणीही येतं. केव्हा, ते नळ ठरवतो. म्हणून खालचा वाडा प्यायला आणि रांधायला कमलाक्षीच्या विहिरीवर, आणि तिच्या तोंडावरही, अवलंबून होता.

शिवाय मान होता. माघी अवसेला रवळनाथ समुद्रस्नानाला जातो. पालखी, वस्त्रं नेसवलेले तरंगाचे खांब, ढोल असा सगळा लवाजमा दर्यावर जातो आणि खाऱ्या पाण्याने न्हालेला देव परतताना थेट कमलाक्षीच्या विहिरीवर येतो. तिथे त्याला गोड्या पाण्याने न्हाणायचं. ती घागर ओढायची त्या घराच्या सुनेने. चाळीस वर्षं ती घागर दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली नव्हती. बाळंतीण असताना एकदा जाणार होती, तर ही उठून आली.

तर समुद्र पुढे सरकत होता. आधी सुरूची रांग गेली, मग टेकडीचं नाक गेलं, मग टेकडी समोरून कापलेल्या पावासारखी दिसू लागली. शेजारच्या एका गावात कुणीतरी यावर उपाय म्हणून दगडांची भिंत घातली होती. भिंत अजून उभी आहे. तिच्यापुढचा किनारा गेला.

कमलाक्षीचा नवरा शिवदास डिचोलीच्या एका खाणीवर उमेदीची वर्षं काढून, खाणी बंद पडल्यावर घरी येऊन बसलेला. उपाय त्याच्याकडेही होता, कारण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला खाणीतला दाखला असे.

"आमच्या मायनीत मातीचो डंप असोच धरून ठेवलेलो," तो म्हणाला. "वयर काथ्याची जाळी, जाळीत रोपां. डोंगर हलूक नाय."

"डोंगर हलवलात तुमीच," कमलाक्षी म्हणाली. "मुरगावच्या बोटीत भरून. उरलो तो धरून ठेवलात."

शिवदासने हा मुद्दा गैरलागू ठरवला. पण त्याच सुमारास सेजल गावात आली. मूळची डिचोलीची, एका संशोधन संस्थेत किनाऱ्यांचा अभ्यास करणारी, तिशीच्या आतली मुलगी. तिचं म्हणणं शिवदासच्या म्हणण्याच्या जवळ जाणारं निघालं, त्यामुळे शिवदासला ती हुशार वाटली. तिचं म्हणणं असं : सिमेंट नको, दगड नको. वाळवलेल्या चुडतांचे झाप टेकडीपुढे कुंपणासारखे उभे करायचे. वारा किनाऱ्यावरून रोज रेती उडवत आणतोच. ती झापांपाशी अडेल, साठेल, टेकडी आपणहून वाढेल. झाप पुरला गेला की त्याच्यावर दुसरा. मग मर्यादवेल लावायची, ती रेती धरून ठेवील.

"पण काकी, झाप विरळ जाय," सेजल म्हणाली. "अर्दी पात, अर्दी फट. वारो भितर शिरूक जाय आणि शिरून थकूक जाय. थकलो की हातातली रेती सोडता."

कमलाक्षीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं पितळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे सोनाराने पाहावं.

"विरळ झाप म्हणजे झाप न्हय गो बाय. ता माकडान विणल्लां."

"अर्दी फट, काकी."

"बरां," कमलाक्षी म्हणाली, आणि घट्ट विणले. तिने फसवलं असं म्हणता येणार नाही. बोटं ऐकत नव्हती. शेजारची सुलोचना आणि वाड्यातल्या इतर बायकांचीही तीच गत. भिंतीसारखं कुंपण उभं राहिलं. लोक येऊन कौतुक करून गेले. मग कार्तिकातला वारा आला, भिंतीला थडकला, खाली वळला आणि तिच्या पायाशी असा चर खणला की झाप ओळीने आडवे झाले. टेकडीची होती तीही थोडी रेती गेली.

सेजल आली, बघितलं, काही बोलली नाही. हे तिचं न बोलणं कमलाक्षीला फार लागलं. बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या वेळी विरळ झाप विणले, पण परसात, दार लावून.

"असले झाप कोणी बघितले तर माज्या सुनेक म्हायेरची माणसां न्हेऊक येतली," सुलोचना म्हणाली.

"बोलू नको. फट सोड."

"किती सोडू?"

"लाज वाटता तितकी सोड. आणि वयर आणखी एक बोट."

ह्या मापाने विणलेले झाप उभे राहिले आणि पंधरवड्यात त्यांच्या पायाशी रेतीचे उंचवटे धरू लागले. माघ येईपर्यंत गुडघाभर, मे महिन्यात कंबरेला. पुरलेल्या झापांवर दुसरी रांग चढली. मर्यादवेलीला जांभळी फुलं आली. शिवदास संध्याकाळी तिथे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला डंपाविषयी माहिती देऊ लागला.

पण त्या टेकडीत एक दार होतं.

कुंपण घालतानाच प्रश्न आला होता : देवाची वाट. सेजलने वाळूवर काठीने आकृती काढून दाखवली. कुंपणाची दोन टोकं एकमेकांच्या पुढेमागे घ्यायची, मधून तिरकी वाट. माणूस वळसा घालून जाईल, पालखी वळसा घालून जाईल, लाट मात्र समोरच्या कुंपणावर आदळेल.

"देव वाकडो चलना नाय," कमलाक्षी म्हणाली.

देवळाचं बघणारा आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीचा मालक असलेला कृष्णनाथ तिथे उभा होता. तो म्हणाला, "वयनी सांगता ता खरां." खरं की खोटं हे ठरवायची रीत गावात आहे. गुरवाने देवाच्या पाषाणाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावायचे, गाऱ्हाणं घालायचं. कळा उजवीकडून पडला तर हो, डावीकडून पडला तर नाही. त्याला कौल म्हणतात. तो लावावा असं कुणीच सुचवलं नाही. काय उत्तर येईल याची कुणालाच खात्री नव्हती, आणि कमलाक्षीला तर ते ऐकायचंच नव्हतं. तिरक्या वाटेने येणारा देव विहिरीवर नेमका कुठून पोचेल? सुलोचनाच्या परसातून. मग सुलोचनाचीही एक विहीर आहे. खाऱ्या पाण्याची आहे, पण विहीर आहे. मान असेच हलतात. हे ती कुणाला बोलली नाही. "देव वाकडो चलना नाय," एवढंच बोलली, आणि देवाच्या नावाने बोलल्यावर पुढे कोण बोलणार?

वाट सरळ राहिली आणि दोन तरंग, पालखी, ढोल सगळं मावेल अशी रुंद राहिली. "माजी होडी आडवी बसात इतकी वाट सोडल्यात," कृष्णनाथ तेव्हा हसून म्हणाला होता.

माघी अवसेला देव त्या वाटेने आला. कमलाक्षीने घागर ओढली. सगळं यथासांग झालं. गर्दी पांगल्यावर सेजल वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. समुद्र, वाट, विहीर. तिन्ही एका रेघेत.

"काकी, देव इलो त्याच वाटेन तोय येतलो."

"कोण गो?"

सेजलने हनुवटीने समुद्र दाखवला.

"त्याका कोणी आवतण दिल्लां नाय," कमलाक्षी म्हणाली.

आषाढी अवस शुक्रवारी आली. आदल्या दिवसापासून शिवदासच्या फोनवर इशारे येत होते : उसळत्या लाटा, किनाऱ्यापासून दूर राहावे. दूर म्हणजे कुठे, ते लिहिलेलं नव्हतं. सकाळी पाववाला पदेर गोल उंडे देऊन गेला तेव्हा म्हणाला, "दर्या आज तांबडो दिसता." पाऊस थांबून थांबून पडत होता. अवसेची भरती दुपारच्या सुमाराला पुरी व्हायची, आणि अजून सकाळच होती, तरी कालपर्यंत जिथे कोरडी रेती होती तिथे फेस फिरत होता.

कमलाक्षी घागर घेऊन विहिरीवर गेली आणि घागर न भरता उभी राहिली. वाटेच्या दोन्ही अंगांची टेकडी लाटा खात होती. लाट येई, टेकडीच्या पोटाला थडके, थोडी रेती घेऊन परते. मर्यादवेलीची मुळं उघडी पडून लोंबत होती, पण टेकडी उभी होती. मधे मात्र पाण्याला थडकायला काही नव्हतं. दोन्हीकडून अडलेलं पाणी त्या दाराकडे वळत होतं, दाटत होतं, आणि एक लांबट जीभ बनून आत शिरत होतं.

पहिली जीभ वाटेच्या अर्ध्यावर थांबली. दुसरीने ती खूण पुसली. मग थोडा वेळ काही नाही, आणि मग एक आली ती माडाच्या बुंध्याला वळसा घालून, फेसाची झालर घेऊन, विहिरीच्या इतक्या जवळ येऊन थांबली की कमलाक्षीने नकळत कठड्यापुढे पाय रोवला. जणू पायाने अडणार होती.

शिवदासने सेजलला फोन लावला. ती डिचोलीहून निघाली होती, बसमध्ये होती. तिचा आवाज येत होता, जात होता. "वाट बंद करा, काका. हाताक गावता ता घाला. भरती पुरी जावच्या आदी... काका? पाणी बांयत पडता नये, एकदा पडलां तर..." पुढचं ऐकू आलं नाही. पुढचं ऐकायची गरजही नव्हती. बांय म्हणजे विहीर, आणि शेजारच्या वाड्याची डाळ सगळ्यांना माहीत होती.

कृष्णनाथ छत्री उलटी झालेल्या अवस्थेत पळत आला.

"वयनी, गुरवाक फोन केलंय. तो म्हापश्याक, शुक्रवारच्या बाजारात. कौल फोनार लागना नाय म्हणता."

"बाजारात खंय असा तो?"

"सुक्या मासळीत, सुंगटांकडे."

"येतलो केन्ना?"

"दुपारच्या बसीन."

"दर्या दुपारच्या बसीची वाट बघतलो?"

कृष्णनाथने समुद्राकडे पाहिलं. समुद्राचा तसा काही विचार दिसत नव्हता. वाड्यातली पुरुष माणसं बरीचशी कामाला बाहेर. होत्या त्या बायका, दोनतीन म्हातारे आणि पर्यटकांच्या बंद खोल्या राखणारे चार कामगार. फावडी होती, पोती होती. दोघांनी पोत्यात रेती भरून वाटेत टाकली. पुढची लाट पोतं उचलून विहिरीच्या अंगाला ठेवून गेली, अगदी हाताने ठेवल्यासारखं.

कमलाक्षी टेकडीच्या मागे बघत होती. तिथे कृष्णनाथची रापणीची होडी पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलेली. वर झाप, बाजूला ओंडके. कृष्णनाथच्या बापाची होडी. तिचं लाकूड आता मिळत नाही आणि ते जोडणारा सुतारही.

"भावजी," ती म्हणाली, "तुमची होडी आडवी घाला."

कृष्णनाथ होडीकडे वळला.

"होडी जायत, वयनी."

"जायत. होडी मागीर करतां येता. बांय कोण करता?"

"आणि देवाची वाट अडयतली ती?"

इथे कमलाक्षी जे बोलली ते बोलायला तिला माघापासूनचे दिवस पुरले नव्हते. आता एका दमात निघालं.

"देवान वाट मागितल्ली नाय. मी मागितलेली. सरळ येऊक जाय तो माका, देवाक न्हय. माजो मान जायत म्हणून. आता आयकलात? घाला होडी."

सुलोचना तिथेच होती. तिने हे ऐकलं. तिने ऐकलं हे कमलाक्षीने पाहिलं. तेवढ्यात आणखी एक जीभ आली आणि दोघींचे पाय घोट्यापर्यंत खाऱ्या पाण्यात गेले.

कृष्णनाथने मान हलवली. गावची चाळीस वर्षं देवस्की बघणाऱ्या माणसाला वाट काढायची सवय असते.

"वाटेर भिंत घातली तर वाट बंद जाता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "होडी ठेवली तर जायना नाय. दर्याच्या वाटेर होडी असताच." आणि पुढे होऊन त्याने स्वतःच होडीवरचे झाप फेडले.

मग जे झालं त्यात शोभा नव्हती. ओंडके खाली घातले. शिवदास खाणीतल्या मुकादमाच्या आवाजात ओरडू लागला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं कुणी ऐकलं. होडी सरकली, थांबली, सरकली. टेकडीच्या पाठीवरून उतरून ती वाटेच्या तोंडात तिरकी आली, आणि नेमकी तेव्हाच लाट आली. पाण्याने होडीची शेपटी उचलली. माणसांच्या हातातलं ओझं एकाएकी हलकं झालं आणि त्याच क्षणी सगळ्यांना कळलं की हे वाईट आहे. होडी फिरली. तिचं नाक सरळ विहिरीकडे वळलं. आता लाटेबरोबर ती स्वतःच आत घुसणार होती, आणि तो कठडा काही होडी अडवण्यासाठी बांधलेला नव्हता.

"दोर! माडाक! माडाक मार!"

दोर कुणी फेकला हे नंतर चार जणांनी सांगितलं, प्रत्येकाने स्वतःचं नाव सांगितलं. माडाला दोन वेढे पडले एवढं खरं. दोर ताणला, माड करकरला, सुलोचना दोराखाली सापडता सापडता कमलाक्षीने तिला लुगड्याला धरून ओढली आणि दोघी चिखलात बसल्या. पाणी परतलं. होडी जमिनीवर टेकली. कृष्णनाथने नाकाकडून, कामगारांनी शेपटीकडून रेटली आणि ती वाटेत आडवी बसली. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत. कुंपण घालताना कृष्णनाथ हसून म्हणाला होता तशीच.

"भरा!"

फावड्यांनी, घमेल्यांनी, बालदीने, एका म्हातारीने तर पातेल्याने, होडीत रेती पडू लागली. पुढची लाट होडीच्या कुशीवर आदळली, उडाली, आणि होडी हलली नाही. कुणीतरी ओरडलं. आनंद इतक्यात करू नये हे त्या माणसाला कुणी शिकवलं नसावं, कारण दुसऱ्याच लाटेला होडीच्या तळाखालून पाण्याचा फवारा विहिरीच्या बाजूला निघाला. पाणी खालून रेती ओढत होतं. प्रत्येक लाटेला तळाखालची पोकळी वाढणार, आणि भरलेली होडी त्यात कलंडणार. पोती तिथे घातली, त्यांच्या सांध्यांतून रेती वाहून गेली.

कमलाक्षी वाकून तो फवारा बघत राहिली. वाऱ्याला फट लागते. पाण्याला?

ती घराकडे धावली. कोयता घेऊन स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीशी गेली. ती भिंत मातीची. तिला बाहेरून यंदाचे झाप बांधलेले होते, तिचे स्वतःचे, कुणाला न विचारता, फट न सोडता विणलेले. तिने सुंभ कापायला सुरुवात केली.

"अगो, भिंत!" शिवदास मागून ओरडला. "पाऊस असा! भिंत पडतली!"

"पडूं दी."

"रांदतलंय खंय?"

"रांदूक पाणी उरलां तर बघूया."

झाप घेऊन ती होडीकडे आली. समुद्राच्या बाजूने, होडीच्या कुशीला लागून, तळाशी खोल दाबत झाप घालायचे, वर रेती, वर पुन्हा झाप. लाटेच्या दोन येण्यांमधे जितका वेळ मिळे तितक्यात ती आणि सुलोचना होडीच्या पलीकडे उतरत, झाप दाबत, आणि कृष्णनाथ "इली!" म्हणाला की होडीची कड धरून वर चढत. एकदा सुलोचनाला चढायला उशीर झाला. लाटेने तिला होडीवर आपटलं. ती वर आली तेव्हा हनुवटीतून रक्त येत होतं आणि हातातला झाप तिने सोडला नव्हता.

"अगो, ह्यात फट नाय एक!" ती ओरडली. "कसा विणलंस?"

"लाज नाय सोडली," कमलाक्षी ओरडून म्हणाली.

फवारा बारीक झाला. मग नुसती ओल राहिली. पाणी झिरपत होतं, पण आता नितळ. रेती मागे राहत होती.

भरती पुरी झाली तेव्हा एक लाट होडीवरूनच आली. ती थांबवायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. सगळे बाजूला झाले. ती आत पसरली, पातळ झाली, वाटेने चालत चालत विहिरीपाशी गेली आणि कठड्याच्या खालच्या चिऱ्याला टेकली. तिथे थोडी उभी राहिली. वाडाही उभा राहिला. मग ती रेतीत जिरली.

त्यानंतर पाणी उतरू लागलं.

गुरव दुपारच्या बसने आला. झालेला प्रकार ऐकून त्याने देवळात कौल लावला. केलं ते बरं केलं ना, असं गाऱ्हाणं घातलं. कळा उजवीकडून पडला. डावीकडून पडला असता तर होडी परत कुणी काढली असती, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

सेजलही पोचली. तिने होडी बघितली, झाप बघितले, पुष्कळ फोटो काढले, आणि कमलाक्षी ज्याची वाट बघत होती ते 'विहीर वाचली' हे वाक्य मात्र बोलली नाही.

"आताच कळचां नाय, काकी. वयरसून पडलां नाय ता बरां. पण रेतीत जिरलां ता खालसून येऊ शकता. थोडे दीस पाणी काडू नका. जास्त ओढलां तर खारां वयर येता."

म्हणजे पाणी समोर असून काढायचं नाही. वाडा नळाकडे वळला. नळाने त्या आठवड्यात दोनदा दर्शन दिलं. कमलाक्षी रोज सकाळी विहिरीवर जाऊन आत बघून यायची. पाणी दिसायला तसंच होतं. खारं पाणीही तसंच दिसतं. एकदा तिने बोट बुडवून जिभेला लावलं, तर खारट लागलं. मग आठवलं की हात मिठाच्या बरणीतून आला होता. मग हात धुऊन पुन्हा लावलं, तरी जीभ ठाम सांगेना.

दरम्यान स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत बसली. पडली म्हणावी असा आवाजही झाला नाही; भिजलेला उंडा खचतो तशी ती आपल्यातच खचली. शिवदासने तिथे निळं प्लास्टिक बांधलं आणि खाणीतली एकही गोष्ट सांगितली नाही. सुलोचना हनुवटीला पट्टी लावून येऊन बसली. बराच वेळ ती इकडचंतिकडचं बोलली. जाताना दारात थांबली.

"पुढच्या माघाक वाट वाकडी करूया म्हणता सेजल."

"करूया," कमलाक्षी म्हणाली.

"माज्या परसातसून येतली."

"येऊं दी."

"घागर तूच ओढ," सुलोचना म्हणाली आणि निघून गेली.

"बांय गोडी उरली तर," कमलाक्षी म्हणाली, पण ते ऐकायला दारात कुणी नव्हतं.

मग तोच कारकून पंचनाम्याला आला. या वेळी ओसरीवर न बसता त्याने सगळं फिरून बघितलं. विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं, बाटलीला चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेनाने लिहिलं. त्याने केलेली नोंद अशी :

'सागरी लाटांमुळे झालेले नुकसान : निरंक. स्वयंपाकघराची पश्चिम भिंत कोसळलेली आढळली. तथापि सदर भिंतीचे आच्छादन मालकिणीने स्वतः काढून टाकल्याने सदर घटनेचा समुद्राशी संबंध दिसून येत नाही. वाटेत एक होडी बेवारस स्थितीत आडवी आढळली. तिच्या मालकाने ती आपलीच असून जागेवरच असल्याचे सांगितले. किनारा संरक्षणाच्या कामातील सदर व्यक्तीचा सहभाग : पूर्वीप्रमाणे. विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठविण्यात येत असून, अहवाल प्राप्त होईपर्यंत सदर पाणी गोडे आहे असे समजण्यात येऊ नये.'

तो गेल्यावर कमलाक्षीने विहिरीतून एक घागर काढली आणि तीन भिंतींच्या स्वयंपाकघरात चुलीवर तूरडाळ चढवली. झाकण ठेवलं. शिवदास येऊन उभा राहिला. सुलोचना आली. कृष्णनाथ कशाला तरी म्हणून आला आणि थांबला. प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं. कुणी झाकण काढायला हात पुढे केला की कमलाक्षी त्याच्याकडे बघायची, आणि हात मागे जायचा.

डाळ शिजली.